वर न गेलेला हात

ऑफिसात त्याला सगळे 'होयबा' म्हणत. बारा वर्षांत त्याने साहेबांना एकदाही नकार दिला नव्हता. "पन्नाशी आली, वजनं उचलायला लागा," असं डॉक्टर म्हणाले तेव्हाही तो लगेच "हो" म्हणाला आणि बायकोला घेऊन जिममध्ये गेला.

"सुरुवात हलक्या वजनाने," तिथली शिकवणारी मुलगी म्हणाली. "सावकाश उचला, सावकाश खाली आणा. अजून दोनदा जमेल असं वाटतं, तिथेच थांबायचं. मग दोन दिवस आराम."

बायकोने अगदी तसंच केलं. होयबाच्या शेजारी मात्र एक दांडगा गडी होता. "काका, अजून पाच किलो टाकू?" असं त्याने चारदा विचारलं. होयबा चारही वेळा "हो" म्हणाला.

सकाळी दोन्ही हात लाकडासारखे ताठ. शर्टाची बटणं बायकोने लावली. केसही तिनेच विंचरले, मधोमध भांग पाडून.

"अहो, रजा टाका ना!"

"आज मीटिंग आहे. साहेबांना नाही कसं म्हणू?"

मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं, "यापुढे शनिवारीही पूर्ण दिवस काम. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

नाइलाजाने सगळ्यांचे हात वर गेले. होयबाने दात-ओठ खाऊन जोर लावला. हात टेबलावरून इंचभर उठला आणि धपकन खाली पडला.

"तुम्हाला मंजूर नाही?" साहेब चकितच झाले.

"तसं नाही, साहेब..." कळ डोक्यात गेली, डोळ्यांत पाणी आलं. "पण आता खरंच झेपत नाही हो. फारच झालं."

टायपिस्ट बाईंनी हळूच हात खाली घेतला. "खरंय त्यांचं. नाही झेपत." मग एकेक करत सगळेच हात खाली आले.

"केबिनमध्ये या," साहेब म्हणाले.

आता बोलणी बसणार असं धरूनच होयबा मागोमाग गेला. पण आत गेल्यावर साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

"तुमच्या डोळ्यांत पाणी यावं, म्हणजे माझंच चुकलं. शनिवार रद्द. अजून काय झेपत नाही? मोकळेपणाने बोला."

जिमची खरी हकीकत अगदी ओठांवर आली होती. होयबाने साहेबांकडे पाहिलं, मग बंद दाराकडे.

"रागावणार नाही ना, साहेब?"

"मुळीच नाही."

"मग पहिलं म्हणजे, माझी खुर्ची..."

जेवणाची सुट्टी संपली तरी तो बाहेर आला नव्हता. काचेतून दिसत होतं, तो ताठ बसून बोलत होता आणि साहेब खाली मान घालून लिहून घेत होते.