ट्रॉम्सोहून निघालेलं विमान

आमच्या शेजारचे दिनकरकाका भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतात. "ट्रॉम्सो ते स्वालबार्ड विमानाला किती वेळ लागतो?" पोस्टमनला विचारून झालंय, दाताच्या डॉक्टरलाही. तेही डॉक्टरने तोंडात आरसा घातलेला असताना.

दोन्ही ठिकाणं नॉर्वेत, पार उत्तरेला, बर्फात. आमच्या हाउन्सलोत, लंडनच्या विमानतळाशेजारी, दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, त्यांच्याकडे काका मान वर करूनही बघत नाहीत. "ही काय, बससारखी. एक चुकली की मागून दुसरी." जन्मभर बस चालवलेला माणूस! पण ट्रॉम्सोच्या विमानासाठी पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून अंतर मोजतात. मी फोनवर बघून पावणेदोन तास म्हटलं, तर भडकले. "आणि समोरून वारा आला तर? वाऱ्याला काय तुझा फोन अडवणार?"

त्यांची मुलगी मेघा स्वालबार्डला बर्फाचा अभ्यास करते. काकू गेल्यापासून घरात काका एकटेच. मेघाची काळजी वाटते का, असं कोणी विचारलं की म्हणतात, "छे! मला भूगोलाची आवड आहे."

त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून शनिवारी मी त्यांच्याकडे केर काढायला हूवर फिरवते. गेल्या शनिवारी प्लग लावला तर काका ओरडले, "थांब गं सुनंदा! अजून हवेत आहे."

"काय हवेत आहे?"

"विमान. मेघाचं. बसल्याचा मेसेज आलाय."

मग उलगडा झाला. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत काकू केर काढत नसत. काका त्यांना हसायचे. "बावळटपणा नुसता," आताही म्हणाले, आणि स्विच बंद केला.

आम्ही बसलो. कार्पेटभर चिवडा सांडलेला. काका खिडकीशी जायचे, किटली लावायचे, चहा न करताच परत खिडकीशी. पावणेदोन तास झाले. दोन झाले. पुढेही गेले.

"वारा असेल," मी म्हटलं.

"तुला काय कळतं वाऱ्यातलं?" ते खेकसले. मग हळूच म्हणाले, "असेल ना?"

फोन वाजला तेव्हा घाईत त्यांनी तो उलटाच कानाला लावला. मेघा मोठ्याने बोलत होती.

"बाबा, मी ट्रॉम्सोलाच परत आली. तिकडे फॉग होता, लँड नाही झाला. उद्या जाणार. डोन्ट वरी हं."

"वरी कोण करतंय? मी चिवडा खातोय."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आता फिरवू?"

काका विचारात पडले. "परत आली म्हणजे पोचली, असं धरायचं का गं? तुझी काकू असती तर तिला विचारलं असतं."

काका दुखरा गुडघा धरून खाली बसले आणि एकेक पोहा बोटांनी उचलून तळहातावर ठेवू लागले.

"हे काही झाडणं नाही," म्हणाले. "वेचायला हरकत नसावी."

मी हूवर भिंतीला टेकवला आणि त्यांच्यासमोर खाली बसले.