रुपेरी पाकोळीचा पत्ता

"अकरा वार कापड आणलंय," लोरेटा फोनवर म्हणाली. "चंदेरी. पंखांनाच सात लागलं."

"कसले पंख?" नॉर्बर्टने विचारलं. धाकट्या बहिणीचा फोन कानाशी धरून तो स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत उभा होता.

"पाकोळीचे! तुला कळलं नाही? 'पोलादी पेलिकन' कार्टूनचे सगळे भाग सापडलेत. सतराच्या सतरा. आपल्या वाचनालयात येत्या शनिवारी सकाळी दाखवणार आहेत. सगळ्यांनी झोपायच्या कपड्यांत यायचं, वाडग्यात दूध-सिरियल खायचं, अगदी आपल्या लहानपणासारखं. आणि वेशभूषा स्पर्धा पण आहे. मी रुपेरी पाकोळी होणारेय. नॉर्बी, मी साठ वर्षांची झाले, पण तिला एकदा तरी डोळ्यांनी बघायचंय रे."

नॉर्बर्टच्या हातातला टोस्ट खाली पडला, आणि अर्थातच लोण्याची बाजू खाली.

टोस्ट पडायला कारण होतं. रुपेरी पाकोळी त्या सतरा भागांत कुठेच नव्हती. ती फक्त नॉर्बर्टच्या डोक्यात होती, आणि तिथून ती १९७१ साली थेट लोरेटाच्या डोक्यात गेली होती.

तेव्हा त्यांच्या, म्हणजे विस्निएव्स्कींच्या घरी अमेरिकेतल्या टोलेडो शहरातला सर्वांत हट्टी टीव्ही होता. डोक्यावर दोन शिंगांची अँटेना. कोणीतरी मागे उभं राहून एक शिंग हाताने वर धरलं तरच चित्र दिसायचं, नाहीतर नुसता मुंग्यांचा बाजार. नॉर्बर्टने खुर्ची, कोट अडकवायची तार आणि एकदा मांजरसुद्धा लावून पाहिलं. सगळ्यांत स्वच्छ चित्र लोरेटाने धरल्यावर यायचं. म्हणून शनिवारी सकाळी दहा वर्षांचा नॉर्बर्ट गालिच्यावर मांडी घालून समोर, आणि सात वर्षांची लोरेटा टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. तिला फक्त आवाज ऐकू यायचा. बाकीचं नॉर्बर्ट सांगायचा.

तिसऱ्या शनिवारी तिने बंड केलं. "माझा हात दुखतो. आणि मला काय दिसतं इथून? भिंत!"

पेलिकन नेमका तेव्हा दरोडेखोराला चोचीच्या पिशवीत कोंबत होता. चित्र थरथरायला लागलं. नॉर्बर्ट घाईघाईने ओरडला, "अगं थांब! ती आली!"

"कोण?"

"रुपेरी पाकोळी. चंदेरी पंख आहेत तिला. छपरावरून उतरली बघ!"

"आवाज नाही आला तिचा."

"ती बोलत नाही. नुसतं काम करते."

हात पुन्हा वर गेला. चित्र स्थिर झालं. त्यानंतर दर शनिवारी पाकोळी यायची, पेलिकनला तीनदा तरी मरता मरता वाचवायची आणि एक अक्षरही न बोलता निघून जायची.

नॉर्बर्ट हे सगळं पुढे विसरून गेला. लोरेटा विसरली नाही. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली. मागच्या बाकांवर मारामारी झाली की ती ओरडायची नाही. बस कडेला लावायची, उठून मागे जायची आणि दोघांच्या मधे जाऊन बसायची. नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हा तिने घटस्फोटाच्या कागदांवर सही करून शिवणयंत्र उचललं आणि ती बाहेर पडली. "पाकोळीने हेच केलं असतं," ती नॉर्बर्टला म्हणाली होती. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण शिवणयंत्र हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला असं काही सांगतात का?

त्याने आधी सौम्य उपाय केला. "लोरेटा, जुनी कार्टून पुन्हा बघू नयेत गं. फार वाईट निघतात. आठवणीतच बरी."

"तुला काय, तू बघितलीयस," ती म्हणाली.

मग तो वाचनालयात गेला. शनिवारच्या आत मालिकेच्या डिस्कचा संच घरी न्यायचा आणि हरवायचा, असा बेत होता. ग्रंथपाल प्रिसिला बाईंनी त्याचं कार्ड पाहिलं आणि त्या टाळी वाजवून उठल्याच.

"विस्निएव्स्की? म्हणजे लोरेटाचे भाऊ! प्रत्येक भाग समोर बसून पाहिलेला माणूस! अहो, मी परीक्षकच शोधत होते. मूळ मालिकेशी सगळ्यांत इमान राखणारा पोशाख कोणता, हे तुम्हीच ठरवायचं."

"नाही हो, मला आता काही आठवत नाही..."

"म्हणून तर संच घरी न्या. उजळणी करा. आमच्याकडे दुसरा आहे."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. नॉर्बर्ट संच आणि परीक्षकपद दोन्ही घेऊन घरी आला.

त्याने सतराही भाग पाहिले. कार्टून भयंकर होतं. पेलिकन उडताना त्याच्या मागून एकच धुरांडं नऊ वेळा जायचं. बोलताना चोच हलायची, बाकी अंग लाकडासारखं. यासाठी आपण धाकट्या बहिणीला अख्खा एक हिवाळा भिंतीकडे तोंड करून उभं केलं, हे कळून त्याचं त्यालाच कसंसं झालं. बाई म्हणावी अशी संपूर्ण मालिकेत एकच निघाली. नवव्या भागात, पाठमोरी, खिडकीतून गालिचा झटकणारी.

त्याने बुडत्यासारखी तीच काडी धरली आणि लोरेटाला फोन केला. "नववा भाग नीट बघ. त्यात आहे ती. वेशांतर करून."

"काय करते?"

"गालिचा झटकते."

मग लोरेटा हळूच म्हणाली, "पाळत ठेवत असणार."

शनिवारी वाचनालयात साठेक माणसं जमली होती. त्यातली निम्मी साठीच्या पुढची, चौकटीच्या पायजम्यांत, मांडीवर सिरियलचे वाडगे घेऊन. लोरेटा पहिल्या रांगेत बसली होती. पंख खुर्चीत मावेनात, म्हणून शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या. एकेक टाका हाताने घातलेला होता. सुरुवातीचे चार भाग झाले आणि मग, लोरेटाच्या आग्रहाखातर, नववा. गालिचा झटकला गेला. लोरेटा पुढे झुकली, मग मागे टेकली. तिने मागे वळून नॉर्बर्टकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसू त्याला शिवीपेक्षा झोंबलं.

"आता परीक्षकांचा निर्णय!" प्रिसिला बाई म्हणाल्या.

आठ पेलिकन होते. कोणाची चोच पुठ्ठ्याची, कोणाची भोपळ्याची. आणि एक पाकोळी. नॉर्बर्ट उभा राहिला. त्याने बहिणीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "रुपेरी पाकोळी."

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून फोगर्टी नावाचे गृहस्थ उठले. त्यांची चोच खऱ्या पत्र्याची होती आणि ती बनवायला त्यांना पाच महिने लागले होते.

"हरकत!" ते गरजले. "मी चाळीस वर्षं या मालिकेच्या वस्तू जमवतोय. यात रुपेरी पाकोळी नावाचं कोणीही नाही!"

"तुम्ही नीट पाहिलं नसेल," लोरेटा शांतपणे म्हणाली.

"बाई, मला सगळे संवाद पाठ आहेत!"

"ती बोलतच नाही. संवाद पाठ करून ती कशी सापडेल?" लोरेटा पंख सावरत उभी राहिली. "माझ्या भावाला विचारा. तो समोर बसला होता."

सगळी सभा नॉर्बर्टकडे वळली. आणखी एक खोटं बोललं असतं तर निभावलं असतं. फोगर्टींना लोकांनी वेड्यात काढलं असतं आणि लोरेटा बक्षीस घेऊन घरी गेली असती. पण तिने 'भावाला विचारा' हे ज्या भरवशाने म्हटलं, त्यापुढे त्याला आणखी खोटं बोलवेना.

"फोगर्टी बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "अशी कोणी नव्हती. ती मी रचली. तुझा हात खाली येऊ नये म्हणून, लोरेटा."

सभागृहात कोणीतरी सिरियल चावत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. लोरेटाने काहीही म्हटलं नाही. पंख दोन्ही हातांनी जवळ घेतले, दारातून अंग तिरकं करून बाहेर पडली आणि निघून गेली.

ती त्याला वाहनतळावर सापडली. पंख गाडीत मावत नव्हते, म्हणून गाडीला टेकून उभी होती. डोळे लाल होते.

"बोल," नॉर्बर्ट म्हणाला. "वाटेल ते बोल मला. माझी लायकीच ती आहे."

"मी त्यांना पत्र लिहिलं होतं," लोरेटा म्हणाली.

"कोणाला?"

"टीव्ही स्टेशनला. त्याच वर्षी. सिरियलच्या खोक्यात पेलिकन मिळायचे ना खेळण्यातले? मी अकरा खोकी संपवली, पाकोळी निघेना. म्हणून विचारलं, तिचा पत्ता काय, ती खोक्यात का नाही? डिलेन्सी नावाच्या माणसाचं उत्तर आलं. अशी कोणी आमच्या मालिकेत नाही म्हणून."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"कुठलं माहीत! मला वाटलं, तो माणूस खोटारडा आहे. एकीकडे तो डिलेन्सी आणि एकीकडे माझा भाऊ. यात विचार काय करायचा?" तिने चंदेरी बाहीने नाक पुसलं. "मी त्याला उलट लिहिलं. 'तुम्ही आंधळे आहात. चष्मा लावा. लहान मुलींशी खोटं बोलताना लाज वाटली पाहिजे.' असं, मोठ्या अक्षरांत."

"मग?"

"आठ दिवसांत त्याचं दुसरं पत्र आलं. 'तुझंच बरोबर असेल. माझ्याकडून पाहायची राहून गेली. मला माफ कर.' नॉर्बी, त्या बिचाऱ्याने माफी मागितली रे. आणि मी त्याला माफ केलं पण नाही."

ज्याचा काडीचाही दोष नव्हता, त्या माणसाने आठ दिवसांत माफी मागितली होती. नॉर्बर्टला स्वतःला त्रेपन्न वर्षं लागली, आणि तीही चारचौघांत गळ्याशी आल्यावर. माफीसाठी मनात जुळवलेली वाक्यं आता त्याला फार हलकी वाटायला लागली.

"लोरेटा, मला माफ—"

"थांब," तिने हात वर करून त्याला अडवलं. "आधी त्याची माग."

"कोणाची?"

"डिलेन्सीची."

"अगं, तो असेल तरी का आता?"

"नसेल. म्हणून तर मोठ्याने माग. लांब गेला असेल."

वाचनालयाच्या दारातून आठ पेलिकन आणि प्रिसिला बाई बाहेर येऊन बघत होत्या. नॉर्बर्टने घसा साफ केला, मान वर केली आणि टोलेडोच्या रिकाम्या आभाळाकडे बघून, होता होईल तेवढ्या मोठ्याने, त्रेसष्टाव्या वर्षी म्हणाला, "मिस्टर डिलेन्सी, चुकलो! मला माफ करा!"

लोरेटा जरा वेळ वर बघत राहिली.

"उत्तर यायला आठ दिवस लागतात," ती म्हणाली. "माझ्या माफीचं त्यानंतर बघू."