दोन सेकंदांची शांतता

ग्रंथपालबाईंनी यंदा डोळसपणे मतदान करायचं ठरवलं आणि तिथून त्यांच्या फोनचं वाटोळं झालं.

आजवर त्यांचं मत बनायला फारसे कष्ट पडत नसत. निवडणुकीच्या आधी नवरा चहा पिता पिता एकाची बाजू घ्यायचा, बाई दुसऱ्याची घ्यायच्या, आणि भांडणाच्या जोरावर त्या मतदान केंद्रापर्यंत जायच्या. पण नवरा जहाजावर इंजिनिअर होता आणि यंदा त्याची रजा निवडणुकीत बसत नव्हती. रविवारी संध्याकाळी सहा वाजता त्याचा फोन यायचा, दहा मिनिटांचा. जहाजाचा फोन उपग्रहावरून, नंबर दर वेळी वेगळा. मागच्या महिन्यात तो म्हणाला होता, "मला काही मत देता येणार नाही. तू नीट वाचून दे. माझ्या वाटचंही."

बाईंनी ते मनावर घेतलं. तिन्ही उमेदवारांचे जाहीरनामे आणले, एकशे चाळीस पानं वाचली आणि वहीत रकाने आखले: आश्वासन, कसं, कधीपर्यंत. पहिला रकाना भरून वाहू लागला. उरलेले दोन कोरे राहिले. तिघांनीही नळाला रोज पाणी देऊ असं छापलं होतं, म्हणून त्या तिन्ही प्रचार कचेऱ्यांत जाऊन कसं ते विचारून आल्या. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: नंबर लिहून द्या, साहेब स्वतः बोलतील. ग्रंथालयात कार्ड लिहिण्याची सवय असल्यानं बाईंचा एकेक आकडा छापल्यासारखा होता. त्यात चूक व्हायला वाव नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून साहेब स्वतः बोलू लागले. तिघंही, आणि दिवसाला अकरा-अकरा वेळा. सगळी रेकॉर्ड केलेली भाषणं, आणि दर वेळी नवा नंबर. शेजारच्या कंपाउंडरनं अनोळखी नंबर बंद करून टाकायला सुचवलं. पण नवऱ्याचा नंबरही अनोळखीच असायचा. शिवाय जहाज बंदराला लागलं, तर अधल्यामधल्या वारीही तो फोन करत असे. त्यामुळे फोन वाजला की बाई हातातलं काम टाकून धावत आणि "बंधू-भगिनींनो" ऐकून परत फिरत. आठवडाभरात त्या गावातल्या सर्वात जाणकार मतदार झाल्या. तिन्ही भाषणं पाठ होती, तिघांवरचे आक्षेप तयार होते, फक्त भांडायला घरात कोणी नव्हतं.

सासूबाई मात्र खुश होत्या. त्यांना कमी ऐकू येई. एकदा त्यांनी दोन नंबरच्या उमेदवाराला जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवल्यावर सुनेला सांगितलं, "आवाज बसलाय बिचाऱ्याचा."

शेवटी कंपाउंडरनं युक्ती शिकवली. "हॅलो म्हणायचं आणि थांबायचं. माणूस असला तर लगेच बोलतो. दोन सेकंद शांतता आली की समजा रेकॉर्डिंग. कापा."

युक्ती नामी निघाली. रविवारी बाई पाच वाजल्यापासून फोनजवळ बसल्या. हॅलो, दोन सेकंद, शांतता. "आधी पाण्याचं बोला," असं वैतागून सांगायचं आणि कापायचं. सगळे कापले. नवऱ्याचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही तेच. बाईंनी सासूबाईंना सांगितलं, जहाज लांब असेल. मग स्वतःलाही सांगून पाहिलं. वहीत कोरे रकाने होतेच, त्यांत त्या उगीच रेघा मारत बसल्या.

तिसऱ्या रविवारी पाच वाजता प्रचार थांबला. फोन एकदम गप्प झाला. घरात घड्याळ ऐकू येऊ लागलं. सहाला कोणी फोन केला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाईंनी उचलला आणि त्या हॅलो म्हणण्याआधीच पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "नमस्कार, मी आपला उमेदवार बोलतोय. कापू नकोस."

हा आवाज बाई एकोणीस वर्षं ओळखत होत्या.

मग उलगडा झाला. जहाजावरून आवाज पोचायलाच दोन सेकंद लागतात, म्हणून आज त्यानं रिंग वाजत असतानाच बोलायला सुरुवात केली होती. दोन रविवारांत त्यानं नऊ वेळा फोन लावला होता. आठ वेळा बायकोनं पाण्याचं विचारलं आणि कापला. एकदा तर आईनंच उचलला आणि कापला.

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. "होता एक. आई, आई करत होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मतं मागायची वेळ आली की सगळ्यांनाच आई आठवते."

"बोल आता," पलीकडून आवाज आला. "पाण्याचं काय विचारायचंय? इथं नजर पोचेल तिथवर पाणीच आहे."

बाई हसल्या. ते हसू त्याला दोन सेकंद उशिरा मिळालं असणार. मत ठरलं का, असं त्यानं विचारलं. ठरलंय, त्या म्हणाल्या, पण विरोध करायला कोणी नाही, त्यामुळे खात्री वाटत नाही. त्यानं लगेच विरोध केला, मत कुणाला ते न विचारताच. चार मिनिटं दोघं मनसोक्त भांडले, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्यं आदळत.

मग तो म्हणाला, "घरी येतो गं."

बाईंनी वही ओढली. चौथ्या उमेदवारासाठी नवी ओळ आखली. आश्वासन: घरी येणं.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

दोन सेकंद शांतता झाली. मग आणखी दोन. बाईंनी फोन कापला नाही.