बारा तास लोडवर

मे महिन्यातल्या जबलपूरच्या उन्हात आमचे घरमालक धोटेकाका घरातल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करून ठेवतात आणि स्वतः हातपंख्यानं वारा घेत बसतात. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, "आपल्याला घाम येते, साहेब. त्याला येत नाही. तो सीधा बंद पडते."

बँकेनं माझी बदली इकडे केली आणि मी इथल्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याला आता दोन वर्षं झाली. काकांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तिथे तयार झालेला प्रत्येक मोटरपंप बारा तास पूर्ण भारावर चालवायचा आणि टिकला तरच शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला आणि सवय घरी आली.

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचा एकच प्रश्न असतो, "लोडवर पाहिलं का?" बाजारात टरबूजवाला गोडीची गॅरंटी द्यायला लागला की हे त्याला विचारतात, "भैया, किसके भरोसे?" शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा चांगला, पगार चांगला, निर्व्यसनी. काका म्हणाले, "ते ठीक आहे. पण लोडवर पाहिला का?" नवा कुकर आणला तेव्हा त्यात नुसतं पाणी घालून त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत शिट्ट्या काढल्या. गल्लीतल्या बायकांना वाटलं, धोट्यांकडे पंगत आहे.

मीही यातून सुटलो नाही. घर घ्यायला आलो त्या दिवशी काकांनी माझी नीट विचारपूस केली, चहा पाजला आणि माझ्यासमोरच काकूंना म्हणाले, "माणूस चांगला वाटते. पण अजून लोडवर पाहिला नाही." या कच्च्या दाखल्यावर मी दोन वर्षं त्या घरात राहत होतो.

कॉम्प्युटरचं प्रकरण गेल्या दिवाळीत सुरू झालं. त्यांचा मुलगा निखिल बंगळुरूला नोकरी करतो. मराठी त्याला सगळी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. सुट्टी संपवून निघताना तो आपल्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला, "पापा, इसकी स्पीड बढ़ सकती है. कंपनीने कम पे सेट करके दी है." कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जोरात पळवता येतो. फार पळवला की निळा पडदा येऊन सगळं ठप्प होतं, आणि व्होल्टेज जरा वाढवलं की तो सावरतो पण तापतो. म्हणजे वेग, वीज आणि ताप यांचा मेळ जमवायचा, आणि तो टिकतो का ते पाहायचं. काकांच्या आयुष्यात एवढं सुख पुन्हा येणार नव्हतं.

चार पॉइंट पाच गिगाहर्ट्झ हा वेगाचा आकडा बापलेकांनी ठरवला. गोहलपुरातल्या एका वर्कशॉपमधून काकांनी कॉम्प्युटरच्या डब्याला पत्र्याची जाळी करून आणली. एक रजिस्टर घातलं. दर शनिवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा टेस्टचा प्रोग्राम चालायचा आणि काका दर अर्ध्या तासाला तापमान लिहायचे. त्या दिवशी घरात मिक्सर बंद, कारण मिक्सर लावला की लाइन हलते. काकू पाट्यावर चटणी वाटायच्या. रविवारी अकराला निखिलचा फोन यायचा आणि काका अहवाल द्यायचे. दर रविवारी तो अहवाल जिन्यातून मला ऐकू यायचा: सात तासांनी बंद पडला, आठ तासांनी बंद पडला.

मागच्या शनिवारी काकांची दाढ ठणकायला लागली. डॉक्टरकडे जाणं भाग होतं आणि टेस्ट लावून झाली होती. गाल धरून ते वर आले. "साहेब, जरा बसता का? बिना माणसाची टेस्ट म्हणजे निव्वळ गप्पा."

मी बसलो. दाढ काढून आलेले काका औषधानं झोपले आणि माझी सुटी त्या डब्याला पाहण्यात गेली. कूलर त्याच्याकडे, मी घामाघूम. पण संध्याकाळचे सहा वाजले तरी निळा पडदा आला नाही. बारा तास पूर्ण. मला स्वतःलाच परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. काका उठल्यावर सांगितलं तर ते नुसते "बरं" म्हणाले. दाढ दुखत असेल, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनातला आपला वाटा घ्यायला मी बरोबर अकराला खाली गेलो. फोन स्पीकरवर होता. सुजलेला गाल सांभाळत काका सांगत होते, "साडेनऊ तासाला बंद पडला."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं.

"काही बोलू नका भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "संक्रांतीपासून तो चांगला चालून राहिला. रजिस्टरमध्ये खोटं लिहिणं त्यांच्या हातून होत नाही. फोनवर तेवढं जमते."

"पण काहून?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आधी निखिलचा फोन आला की हे म्हणत, बरा आहेस? तो म्हणे, हाँ पापा. जेवला? हाँ. मग घे, आईशी बोल. झालं. आता अर्धा अर्धा तास बोलतात दोघं. टेस्ट पास झाली तर बोलतील काय?"

ज्या माणसानं जन्मभर एक नापास पंप पास केला नाही, तो चार महिने एक पास मशीन नापास करत होता. आणि मी स्वतः माझ्या वडिलांशी पाऊसपाण्यापलीकडे शेवटचं कधी बोललो, तेही मला आठवेना.

तिकडे निखिल म्हणत होता, "पापा, बहुत हो गया अब. चार पॉइंट चार पे रख दो. वहाँ तो चलता है ना? आप परेशान मत हो."

काकांचा हात रजिस्टरवर तसाच राहिला. "हो, ते पण आहे," ते म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला आणि काकूंकडे धरला. "घे. आईशी बोल."

मी बँकेत प्रत्येक कागद दोनदा वाचून सही करणारा माणूस. पण त्या क्षणी बशी ठेवून मी पुढे झालो आणि फोनमध्ये म्हणालो, "निखिल, मैं ऊपरवाला किरायेदार. कल मशीन के सामने मैं खुद बैठा था. साढ़े नौ घंटे तक बढ़िया चला, फिर नीला पर्दा. इतना पास आके छोड़ोगे?"

काका माझ्याकडे बघत राहिले.

"आप खुद बैठे थे, अंकल?" निखिलनं विचारलं. "फिर तो रैम का चक्कर हो सकता है. पापा, दो पट्टियाँ लगी हैं, एक-एक निकाल के टेस्ट करनी पड़ेगी."

"एक-एक?" काकांनी फोन पुन्हा आपल्याकडे ओढला. "मग तर दिवाळी येईल रे."

"तो दिवाली पे मैं आ ही रहा हूँ. साथ में देख लेंगे."

काकांनी चष्मा चढवला आणि रजिस्टरचं कोरं पान काढलं. पट्टी कशी काढायची, अंगातली स्थिर वीज उतरवायला हात आधी कुठे टेकवायचा, सगळं लिहून घेतलं. शेवटी निखिल म्हणाला, "और पापा, दाँत का ध्यान रखना. कूलर थोड़ा अपनी तरफ भी घुमा लिया करो."

"हो," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

मग उठले, कूलरपाशी गेले आणि त्याचं तोंड आता मी बसलो होतो त्या खुर्चीकडे वळवलं. माझ्याकडे न पाहताच काकूंना म्हणाले, "पाहिला लोडवर. टिकते माणूस."