ऑरिन सुंडक्विस्टचा गप्प राहण्याचा दिवस

डोकं साफ करणं म्हणजे धुराडं साफ करण्यासारखंच काम, असं ऑरिन सुंडक्विस्टचं मत होतं. काजळी कुठे साचलीय ते बघायचं, ब्रश घालायचा, खरवडायचं, संपलं. सगळा जन्म त्याने अमेरिकेतल्या डुलुथ बंदराच्या गोदीवर जहाजांत लोखंडाची खनिजमाती भरण्यात घालवला होता. त्या धंद्यात भोंग्यांच्या, माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांच्या आणि लाटांच्या वर आवाज चढवावा लागतो, त्यामुळे मन, मनःशांती वगैरे नाजूक गोष्टींशी त्याचा फारसा संबंध आला नव्हता. पण बायको मेविस गेली, पाठोपाठ नोकरी संपली, आणि घरात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. तो स्वयंपाकघरात जायचा आणि आपण का आलो ते विसरायचा. मग तिथेच उभा राहून फ्रिजची घरघर ऐकायचा. फ्रिज तेवढा बोलका होता.

हे त्याने दूर टुसानला राहणाऱ्या मुलीला, सॉन्याला, फोनवर गमतीने सांगितलं. तिने ते गंभीरपणे घेतलं आणि वाचनालयात ‘मन निर्मळ ठेवण्याच्या साध्या सवयी’ या विषयावर व्याख्यान आहे, तिकडे जा, म्हणून बजावलं. तो गेला. एक हसतमुख तरुण बाई बोलत होती. गार पाण्याने अंघोळ करा, घास सावकाश चावा, दीर्घ श्वास घ्या, फोन खणात टाका, आणि कधीतरी एक अख्खा दिवस मौन पाळून बघा, असं तिचं म्हणणं होतं.

ऑरिनला वाटलं, एवढंच? आपण तर हे चुटकीसरशी करू.

गार पाण्याची अंघोळ त्याने पहिल्याच सकाळी उरकली. जानेवारीत डुलुथच्या नळाला जे येतं त्याला पाणी म्हणायचं ते केवळ ते वाहतं म्हणून. तो बाहेर आला तेव्हा त्याचा रंग वांग्यासारखा झाला होता आणि मन निर्मळच काय, पार कोरं झालं होतं. घास सावकाश चावण्याच्या नादात सकाळचा टोस्ट दुपारच्या जेवणाला जाऊन भिडला. दीर्घ श्वास घेताना तो आरामखुर्चीतच झोपी गेला आणि उठल्यावर मान वळेना. तरी तो खचला नाही. मौनाचा प्रकार अजून हातात होता, आणि त्यात आपला पहिला नंबर येणार याची त्याला खात्री होती. इतक्या खात्रीचं कारण काय, याचा मात्र त्याने विचार केला नाही.

ठरलेल्या सकाळी त्याने फोन बंद करून खणात टाकला. गार अंघोळ केली. नंतर अर्धी कवळी लावायला गेला आणि थबकला. डाव्या बाजूचे वरचे-खालचे दात पूर्वीच गेले होते, तिथे ही कवळी बसायची आणि हिरड्यांना टोचायची. आज बोलायचंच नाही तर दात कशाला, असा बिनतोड विचार करून त्याने ती पाण्याच्या ग्लासात ठेवून दिली. मग कोट, टोपी, कानपट्ट्या असा जामानिमा करून तो फिरायला निघाला.

रस्ता बर्फाने पांढरा होता आणि चिटपाखरू नव्हतं. समोरच्या घरातल्या डेल्फीन आर्सेनो मात्र अॅप्रन आणि घरातल्या चपलांवर ओट्यावर उभ्या राहून पायरीवर मीठ टाकत होत्या. डेल्फीन ऑरिनपेक्षा वयाने मोठ्या. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्यात त्यांची उमर गेलेली. मेविसची आणि त्यांची चांगली मैत्री होती. मेविस असताना त्यांची ये-जा असायची. ती गेल्यावर डेल्फीनना वाटलं, याला एकटं राहू द्यावं. ऑरिनला वाटलं, त्या आता कशाला येतील. दोघंही एकमेकांच्या मनाला जपत राहिली, आणि त्या जपण्यात मधला रस्ता नदीएवढा रुंद झाला.

त्या दिवशी डेल्फीनना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हाक मारून विचारलं की थंडी काय म्हणते. ऑरिनने टोपीला हात लावला आणि हसला.

डाव्या गालाला आतून आधार नव्हता. त्यामुळे उजवा ओठ वर गेला आणि डावा जागेवर लोंबत राहिला.

डेल्फीनच्या हातातला मिठाचा डबा तसाच राहिला. मेंदूचा झटका आलेल्यांची तोंडं अशीच वाकडी होताना त्यांनी वृद्धाश्रमात पाहिलं होतं. बर्फात चपला घालून त्या तरातरा रस्ता ओलांडून आल्या, त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “ऑरिन, पुन्हा हस बघू.”

त्याला मोठी मौज वाटली. तो पुन्हा हसला. मग त्यांनी दोन्ही हात वर करायला सांगितलं. हाही काही निरोगी राहण्याचा व्यायाम असेल असं समजून त्याने हात वर केले. उजवा झोकात वर गेला. डावा छातीपाशी अडकला, कारण गोदीवर एका साखळीने तो खांदा केव्हाच निकामी केला होता. पण ते डेल्फीनना कुठून ठाऊक असणार? मेविस खांद्याबद्दल बोलायची नाही, आणि ऑरिन तर कशाबद्दलच नाही.

“आता काहीतरी बोल,” डेल्फीन म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता.

इथे ऑरिनची पंचाईत झाली. दिवस उजाडून तासभर होतो न होतो तोच मौन मोडायचं? त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली. बोलता येत नाही, असाच त्याचा अर्थ झाला. डेल्फीननी अॅप्रनच्या खिशातून फोन काढून रुग्णवाहिका बोलावली.

आता मात्र खड्ड्यात जाऊ दे ते मौन, असं म्हणून ऑरिनने खुलासा करायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. घशाला गार पाणी बाधलं होतं, घरातल्या हीटरने तो कोरडा ठणठणीत केला होता हे तर खरंच. पण मुख्य म्हणजे कित्येक दिवसांत त्या घशाला कोणी कामच दिलं नव्हतं. बंद पडलेल्या पंपातून यावी तशी नुसती घरघर आली.

“लवकर या,” डेल्फीन फोनवर म्हणाल्या. “आता त्याला घरघर लागलीय.”

रुग्णवाहिका आली. दोन धट्ट्याकट्ट्या पोरांनी त्याला झोपवून पट्ट्यांनी बांधलं. तो जोरजोरात मान हलवत होता, तेव्हा एकाने दुसऱ्याला हळूच सांगितलं की गोंधळलेत, सांभाळून. डेल्फीन तशाच अॅप्रनमध्ये त्याच्या शेजारी चढून बसल्या. वाटेत त्याने सगळा जीव एकवटून ‘आज मी शांत राहतोय’ असं सांगायचा प्रयत्न केला. दातांच्या खिंडारातून वारा गेला आणि “फांत... फांत...” एवढंच बाहेर पडलं.

“बरोबर आजोबा,” पोरगा मायेने म्हणाला. “शांतच राहायचं.”

इस्पितळात त्याला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर टाकलं गेलं, सुई टोचली गेली, डोकं एका मोठ्या कंकणासारख्या यंत्रात सरकवून बाहेर काढलं गेलं. मग ओकाफोर नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या. घाईत होत्या, पण आवाज स्वच्छ होता. मेंदूचा झटका असेल तर औषध ठरावीक वेळेच्या आतच देता येतं, म्हणून त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांनी डेल्फीनना विचारलं, “यांना नीट बोलताना शेवटचं कोणी पाहिलं? केव्हा?”

डेल्फीन आठवून आठवून सांगू लागल्या.

सकाळी त्याच्या फावड्याचा आवाज येतो. संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लागतो. कचऱ्याचा डबा वेळेवर रस्त्यावर येतो. परवा खिडकीशी उभा दिसला होता. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते ठीक. पण बोलताना?”

“पानगळीच्या वेळी,” डेल्फीन म्हणाल्या. “माझी पानं उडून तुझ्या अंगणात येतात का, म्हणून मी विचारलं होतं. तो म्हणाला, येऊ देत.”

परिचारिकेने सॉन्याला फोन लावला होता. सॉन्या आधी ठामपणे म्हणाली की ती दर रविवारी बोलते. मग म्हणाली, या रविवारी मुलांची स्पर्धा होती. त्याच्या आधीच्या रविवारी बाबांनी फोन उचलला नव्हता, की तिनेच केला नव्हता, तिला आठवेना. पलीकडे ती रडायला लागली असावी, कारण परिचारिका पुन्हापुन्हा हळू आवाजात ‘हो, हो’ म्हणत राहिली.

ऑरिन खाटेवर पडून हे सगळं ऐकत होता. उत्तर आपल्यालाच द्यायला हवं म्हणून तोही आठवू लागला. वाण्याच्या दुकानात आता माणसाऐवजी यंत्र होतं. तेच ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि तो पिशवी उचलून निघायचा. पोस्टमन डब्यात टपाल टाकून जायचा. चर्चमध्ये तो मेविसच्या मागे उभा राहून ओठ हलवायचा, आता तेही नव्हतं. मागे मागे जात शेवटी त्याला ते सापडलं. वाचनालयात त्याने विचारलं होतं, कोट कुठे टांगायचा. त्या बाईने खुंटी दाखवली होती. त्यानंतर काही नाही. आजच्या मौनासाठी त्याने एवढी तयारी केली होती, आणि ते तर केव्हाचंच चालू होतं. आज पहिल्यांदा ते कोणाच्या तरी लक्षात आलं, एवढाच काय तो फरक.

तेवढ्यात यंत्रातली चित्रं आली. मेंदूत काहीही बिघाड नव्हता. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी त्याला पेलाभर कोमट पाणी पाजलं, तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि टॉर्च तसाच धरून विचारलं, “तुमचे दात कुठे आहेत?”

“घरी,” ऑरिन म्हणाला. पाण्याने घसा सुटला होता. “ग्लासात.”

मग सगळा खुलासा झाला. व्याख्यान, गार अंघोळ, कवळी, खांदा, मौन. डॉक्टरीणबाई पडद्याकडे वळून जरा जास्तच वेळ खोकल्या. डेल्फीन मात्र हसल्या नाहीत. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मौन? मग एरवी काय पाळतोस?”

ऑरिनने पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

परिचारिकेने सॉन्याशी बोलायला फोन दिला. सॉन्या म्हणाली की तिने विमान बघून ठेवलंय, उद्या दुपारचं आहे. ऑरिन म्हणाला, अगं छे, मी ठणठणीत आहे, एवढ्यासाठी कशाला येतेस. नक्की ना, असं तिने विचारलं. नक्की, तो म्हणाला. बरं मग, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ताण सुटल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. तिने आणखी एकदा विचारलं असतं तर तो हो म्हणणार होता. फोन ठेवल्यावर तो जरा वेळ चादरीची घडी घालत बसला. इस्पितळाची चादर होती, घडी घालायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दोघंही रुग्णवाहिकेने आलेली, त्यामुळे परत जायला गाडी नव्हती. टॅक्सी मिळाली. डेल्फीनच्या चपला भिजल्या होत्या, म्हणून ऑरिनने आपल्या लोकरीच्या कानपट्ट्या त्यांना पायात घालायला दिल्या. त्यांनी त्या नाकारल्या आणि थोड्या वेळाने घातल्या. घर दोन वळणांवर राहिलं तेव्हा त्या एकदम ताठ झाल्या.

“वाटाण्याचं सूप,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“शेगडीवर आहे. सकाळपासून.”

गल्लीत वळताच आगीचा बंब दिसला. आग अशी लागली नव्हती, पण पातेल्याचा जळून कोळसा झाला होता, धुराची घंटा रस्ताभर कोकलत होती, आत हाका मारून कोणी ओ देईना, म्हणून अग्निशामक दलाच्या लोकांनी नियमाप्रमाणे पुढचा दरवाजा फोडला होता. त्यातला एक जण नम्रपणे सांगत होता की आतली व्यक्ती बोलत नसली की त्यांना असंच करावं लागतं. दरवाजाच्या जागी आता प्लायवूडचा तुकडा ठोकलेला होता आणि त्याच्या फटींतून घर भराभरा गार होत होतं. डेल्फीनचा पुतण्या शेजारच्या सुपीरियर गावाहून उद्या सकाळी येऊन बघणार होता. आजची रात्र तिथे काढणं शक्य नव्हतं.

ऑरिन बंबाशेजारी उभा होता. सकाळपासून त्याच्यामुळे काय काय झालं ते त्याला दिसत होतं आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. शेवटी त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “माझ्याकडे मेविसची खोली आहे. गरम आहे. अंथरूण मात्र घालावं लागेल.”

डेल्फीननी प्लायवूडकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “सूप आहे का?” त्यांनी विचारलं.

सूप होतं, डब्यातलं. त्याने कवळी लावली, डबा फोडला, गरम केलं. टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग होता; तो उचलून जमिनीवर ठेवला तेव्हा खुर्चीची बैठक मूळ हिरवी होती हे त्याला पुन्हा दिसलं. डेल्फीन बसल्या. सुपात मीठ कमी आहे, म्हणाल्या. पडद्याचं कापड मेविसनेच आणलं होतं ना, म्हणाल्या, आणि ते कुठल्या दुकानातून, त्या दिवशी केवढं वादळ होतं, हे सांगत राहिल्या. ऑरिनला ते काहीच ठाऊक नव्हतं. त्याने मध्ये मध्ये विचारलं, त्या सांगत गेल्या. बाहेर अंधार पडला.

बशी सरकवून डेल्फीन उठल्या आणि मेविसच्या खोलीच्या दारापाशी थांबल्या.

“उद्याही मौन पाळणार असशील तर आत्ताच सांग,” त्या म्हणाल्या. “पुढचा तर गेलाच, माझा आता मागचा एकच दरवाजा उरलाय.”

“नाही पाळणार,” ऑरिन ताबडतोब म्हणाला. तेही इतक्या खणखणीत, गोदीवरच्या आवाजात, की डेल्फीननी दोन्ही कानांवर हात ठेवले.