काटेखाये काकांची इन्क्वायरी

काटेखाये काका बुद्धिबळाच्या स्पर्धेत डाव जिंकले की गुपचूप घरात शिरतात. हरले की मात्र आमच्या वसाहतीतल्या सगळ्या सेक्टर सहाला कळतं, कारण ते स्वतःच सांगत सुटतात. दूध घेताना, स्कूटरमध्ये हवा भरताना, एकदा तर भाजीबाजारात.

"काल हरलो. घोडा फुकट देऊन आलो."

भाजीवालीला खरंच वाईट वाटलं. "कोनो बात नइ बबा, दूसर घोड़ा ले लेहू," ती आपल्या छत्तीसगडीत म्हणाली. काकांनी तिथंच तिच्या टोपलीतलं एक टमाटर राजा केलं, एक वांगं घोडा केलं आणि तो घोडा कसा गेला ते तिला समजावून दिलं. मागं गिऱ्हाइकं ताटकळली होती. मी त्यांच्यातलाच एक.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. दुर्ग लाइनवर मालगाडीचे गार्ड होते, आता रिटायर. काकी इथल्या शाळेत शिकवायच्या. आमच्या वरचं क्वार्टर त्यांच्याच नावावर लीजवर घेतलेलं. मुलगा रायपूरला असतो. काकांचा खेळ म्हणाल तर बेताचा. पण स्वतःच्या हरलेल्या डावावर इतका हक्क सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"रेल्वेत डबा घसरला का पहिले इन्क्वायरी होते," ते म्हणतात. "चूक कोणाची ते ठरल्याशिवाय फाइल बंद होत नाही. अन् इथं तर गाडीत मी एकटाच होतो. मंग चूक माझीच. ते मी कोणाले वाटून देणार नाही."

लोक सवयीनं कारण पुरवायला जातात आणि फसतात. आमच्या ब्लॉकमधले एक साहेब सहज म्हणाले, "वय झालं आता, काका. नजर चुकायचीच." काका भडकले. "वय खेळते का? मी खेळतो!" एका स्पर्धेत भर डावात लाइट गेली, अर्धा तास अंधार. आयोजक बिचारे म्हणाले, डाव परत खेळा. काकांनी साफ नकार दिला. "लाइट जायच्या आधीच माझा उंट गेला होता. अंधाराचं नाव कावून खराब करता?"

काकी गेल्यापासून ही इन्क्वायरी आमच्या घरी भरते. काका पट घेऊन येतात, मला समोर बसवतात आणि पहिल्या चालीपासून डाव मांडतात. मला बुद्धिबळ जेमतेम येतं, पण त्यांना तेवढं पुरतं. नुसत्या चाली सांगून ते थांबत नाहीत. त्या त्या चालीला डोक्यात काय चाललं होतं, तेही सांगतात.

"इथं मी हत्ती हलवला. हलवायचा नव्हता. पण बाहेर कचोरी तळून राहिले होते, मले वास आला, अन् मी घाई केली. आता दोष कचोरीचा नाही. नाक माझं."

एकदा मी मोबाइल काढला. म्हटलं, यात डाव टाकला की कोणती चाल चुकली ते क्षणात कळतं. काकांनी माझा हातच धरला.

"ठेव तो. त्याले माझी चूक दिसते, पण मी कावून चुकलो ते त्याले काय दिसते? तो काय माझ्या डोक्यात बसून होता?"

गेल्या हिवाळ्यात आमच्या सेक्टरच्या हॉलमध्ये रविवारी स्पर्धा होती. मी पहिल्यांदाच काकांबरोबर बघायला गेलो. काकांची गाठ पडली जामुलच्या गुप्ताजींशी. गुप्ताजी सिमेंटचे व्यापारी आणि आमच्या भागातले नावाजलेले खेळाडू. काका त्यांच्याशी दरवेळी हरत आलेले.

त्या दिवशी मात्र काही वेगळंच चाललं होतं. गुप्ताजी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. शेजारच्या टेबलांवरचे, डाव संपलेले लोक हळूहळू आमच्या टेबलाभोवती जमले. काका ताठ बसले होते. एकदा त्यांचा हात वजिराकडे गेला, हवेतच थांबला. मग त्यांनी वजीर उचलला आणि कडेचं एक प्यादं मारलं. मागं कुणीतरी "अरे रे" म्हणालं. गुप्ताजींनी मोठा श्वास सोडला. पुढं काही चालींतच त्यांच्या घोड्यानं काकांचा वजीर घेतला आणि काकांनी हार मान्य करून हात पुढं केला.

गुप्ताजी माणूस भला. म्हणाले, "काका, आज तो आप जीत गए थे. किस्मत ख़राब थी आपकी."

"किस्मत नहीं, गुप्ताजी," काका म्हणाले. "ग़लती थी. मेरी है, मेरे पास रहने दीजिए."

 संध्याकाळी काका पट घेऊन आले. सुनंदा, माझी बायको, आत पोळ्या करत होती. आम्ही समोरच्या खोलीत डाव मांडला. उंट बाहेर काढताना गुप्ताजींच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं होतं, किल्ला केला तेव्हा गुडघा दुखत होता, सगळं सांगून झालं. मग ती जागा आली. काकांनी वजिरानं प्यादं मारलं आणि म्हणाले, "चल, पुढं."

काका कधीच "पुढं" म्हणत नसत. मी पटाकडे पाहिलं. गुप्ताजींचा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागं कोंडलेला, सोबतीला मागच्या ओळीत एकटा हत्ती. आणि प्यादं मारायच्या आधी काकांचा वजीर आणि त्यामागं हत्ती, दोघं एकाच सरळ रेषेत होते. मलासुद्धा दिसलं.

"काका, थांबा. इथं वजीर शेवटच्या ओळीत नेऊन शह दिला असता, तर त्यांना तो हत्तीनं मारावाच लागला असता. मग तुमचा हत्ती आला की मात. कावून नाही दिसलं तुमाले?"



"नाही दिसलं असं कोण म्हणलं?" ते हळू म्हणाले. "दिसलं होतं."

"मग?"

"दिसलं, अन् पहिला विचार आला, आता घरी जातो अन् हिले सांगतो. म्हणतो, तुझ्या गुप्ताले हरवून आलो. ती त्याले 'तुमचा गुप्ता' म्हणे, मी तिले 'तुझा गुप्ता'. हात वजिरावर गेला, अन् ध्यानात आलं का घरी कोणी नाही." त्यांनी मारलेलं प्यादं बोटांत फिरवलं. "मंग कोणती चाल खेळून राहिलो, तेच समजलं नाही. समोर प्यादं होतं, ते मारलं."

 मी "काका" एवढंच म्हणालो, तर त्यांनी एकदम मान वर केली. आवाज चढला.

"पण हे कारण नाही, हां! तिच्यावर टाकायचं नाही. तिचा काही दोष नाही यात. मात समोर होती अन् मी खेळलो नाही. चूक माझी."

आतून सुनंदानं विचारलं, "काय झालं काका? जिंकलात का?"

"हरलो, बेटा."

त्यांनी प्यादं जागेवर ठेवलं, वजीर उचलून परत आपल्या रेषेत नेला. जरा घुटमळले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "पण जिंकून राहिलो होतो, सुनंदा. त्या गुप्ताले. पाहून जाशील?"

सुनंदाला घोडा कसा चालतो तेही माहीत नाही.

"थांबा काका," ती म्हणाली, "गॅस बंद करून येते."

हाताचं पीठ पुसत ती बाहेर आली, मला उठवून माझ्या जागी बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा."

काका सगळे मोहरे परत लावायला लागले.