दहाव्या पानापर्यंत

मुलांनो, शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहिलात आणि पत्रात विचारलंत, "आजी, तू कधी असं पाहिलंस का?" तेव्हा लक्षात आलं, बापूकाकांबद्दल तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही.

बापूकाका माझे सख्खे काका. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मी शिकायला त्यांच्याकडेच राहत होते. त्यांच्याकडे दोन वस्तरे होते. धारेचा झाडांच्या देठांसाठी आणि बोथट स्वतःच्या दाढीसाठी. त्यामुळे हनुवटीवर रोज कापसाचा बोळा. नुसतं पान पाहून झाडाचं नाव सांगणं त्यांना उथळपणाचं वाटे. पान गाजराच्या फटीत धरायचं, वस्तऱ्याने त्याची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काढायची, ती काचपट्टीवर ठेवून भिंगाखाली न्यायची, मगच बोलायचं. "आडवा छेद घेतल्याशिवाय मत देऊ नये." माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हाही ते हेच म्हणाले. आमच्या कोशिंबिरीला अखंड गाजर कधी मिळालं नाही.

एकदा आष्ट्याचा एक शेतकरी बैलगाडीतून अनोळखी पाला घेऊन आला. जनावरांना चालेल का, एवढंच त्याला हवं होतं. काका दोन तास भिंगाला डोळा लावून बसले. "निर्धोक आहे," म्हणत बाहेर आले, तोवर बैलांनी गाडीतला पाला संपवला होता.

"व्हय मास्तर," शेतकरी म्हणाला, "बैलं बी तेच म्हणत्यात."

काकूचं माहेर औंध. लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिने तिकडून एक रोप आणून परसात लावलं. म्हणाली, बकुळ आहे. काकांना ते रानातलं भलतंच काही वाटलं.

"एक पान दे, दहा मिनिटांत सांगतो."

"चारच पानं आहेत त्याला. दहावं येऊ द्या, मग घ्या."

काकांनी अट मान्य केली. रोज चहाआधी ते पानं मोजायला जात, आणि काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या हातात वस्तरा नाही ना, हे पाही.

आठवं पान आलं त्या आठवड्यात काकू विषमज्वराने गेली.

रोप वाढलं, माझ्या डोक्यावर गेलं. काकांनी पुन्हा पानं मोजली नाहीत. एकदा मीच म्हटलं, "काका, आता एक पान घ्यायला हरकत नाही."

ते भिंग पुसत होते. पुसतच राहिले.

"ती बकुळ म्हणाली होती ना," ते म्हणाले. "मग छेद कशाला?"

पुढे घर दुसऱ्यांकडे गेलं. फुलायच्या आतच नव्या मालकांनी ते झाड भिंतीसाठी तोडलं. काकांची काचपट्ट्यांची पेटी माझ्याकडे आहे. लढाईत नव्या पट्ट्या मिळत नसत. जुन्याच धुऊन ते चार-चारदा वापरत. त्या पेटीत एक पट्टी कोरी आहे. तिच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे: बकुळ, औंध.